त्या नावाचे सगळे

आमच्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांच्या खोलीत सहसा कोणी फिरकत नाही. तो आला, आणि दारातल्या गठ्ठ्याला अडखळला.

"लागलं का?" मी विचारलं.

"लागलं. पण तुम्ही बघताय, म्हणून नाही म्हणतो."

मी हसू आवरलं. त्यानं नाव सांगितलं, तेव्हा मात्र आवरेना. हे नाव आमच्या पानांवर सतत येतं, आणि एका नावाच्या वेगवेगळ्या माणसांच्या बातम्या निवडून अलग ठेवणं हेच माझं काम.

तो जनावरांचा डॉक्टर. प्राणिसंग्रहालयातली नोकरी जवळजवळ ठरली होती. तेवढ्यात निवड समितीतल्या कुणीतरी इंटरनेटवर नाव टाकून पाहिलं, आणि आमचीच बातमी निघाली... बनावट औषधं विकताना या नावाच्या डॉक्टरला अटक. वय नाही, पत्ता नाही.

"तो माणूस दुसरा आहे, हे आज संध्याकाळपर्यंत दाखवायचंय. नाहीतर जागा गेली."

मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्या नावाच्या सगळ्या बातम्या पडद्यावर आणल्या.

"बुद्धिबळात तिसरा क्रमांक. तुम्ही?"

"नाही. मला त्यातला फक्त घोडा कळतो."

"सर्वांत मोठा भोपळा पिकवला. वय एकाहत्तर."

"एवढा थकलेला दिसतो?"

"पुरातून मुलीला वाचवलं."

"असतो तर किती बरं झालं असतं... पण नाही. मला पोहताच येत नाही."

हो म्हणाला असता, तर मला कळलंही नसतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा जरा जास्तच वेळ.

पुढची बातमी आली आणि त्याचा हात पडद्यावर आडवा पडला.

"ही राहू द्या."

"हात काढा."

"अहो, खरंच—"

"मोठ्यानं वाच गं," पलीकडच्या टेबलावरून आमचे ग्रंथपालकाका म्हणाले. "मलाही कळू दे!"

'मेंढीच्या धडकेनं डॉक्टर तळ्यात.' खाली फोटो. डोक्यावर शेवाळ, कमरेला दोर, आणि चेहरा अगदी हाच. शेवटी त्याचंच वाक्य होतं, 'मेंढीची काही चूक नाही, मीच मध्ये उभा होतो.'

हसता हसता माझी नजर तारखेवर गेली, आणि मी अटकेची बातमी शेजारी उघडली. तोच दिवस, तीच दुपार, शहर मात्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचं.

"हीच समितीला दाखवा."

"वेड लागलंय? निघालोय वाघ सांभाळायला, आणि दाखवू काय? मेंढीनं पाडलं म्हणून?"

"बनावट औषधं विकणारा, की मेंढीनं पाडलेला? एक निवडा."

त्यानं पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुम्ही सगळ्यांशी इतक्या कठोर वागता?"

"नाही... सगळ्यांची नोकरी जात नसते."

मी दोन्ही बातम्या छापून, त्यांवर कार्यालयाचा शिक्का मारून दिल्या. तो धावतच गेला. या वेळी गठ्ठा चुकवून.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. ते नाव मात्र येत राहिलं. एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीत, एकदा हरवलेल्या पाकिटाच्या जाहिरातीत...

मग एका संध्याकाळी तो दारात उभा. खाकी गणवेश, बाहीवर कुठल्यातरी प्राण्याचे केस.

"मिळाली?"

"मिळाली. अध्यक्ष फोटो बघून हसत सुटले. म्हणाले, पाण्यात पडूनही जनावराला दोष देत नाही, असाच माणूस हवा."

"मग हे सांगायला इतके दिवस लागतात?"

शब्द निघून गेले होते. त्यानं ते अलगद झेलले.

"वाट बघत होतात?"

"नाही... बातम्या वाचत होते. त्या नावाच्या."

"ते तर तुमचं कामच आहे."

"काम दोन ओळींत होतं. मी शेवटपर्यंत वाचत होते." माझे कान तापले. "परवा त्या नावाच्या एका आजोबांचा सत्कार झाला. सगळा वाचला. आणि तुम्ही नव्हतात, म्हणून त्या बिचाऱ्या आजोबांचाच राग आला."

तो हसला नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

"मी आठवडाभर रोज तुमच्या फाटकापर्यंत येऊन परत जात होतो," तो म्हणाला. "आभार मानायचे, एवढंच कारण होतं. ते संपलं की पुन्हा कशाला यायचं, हे सुचत नव्हतं."

"आणि आज सुचलं?"

"नाही," तो म्हणाला. "आज नुसताच आलो."

मी पडदा बंद केला. पिशवी घेतली. काकांना काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान वरही केली नाही.

"जा गं. जुनी वर्तमानपत्रं कुठं पळून जात नाहीत."