नाव गाळणारा डबा

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना, भुसावळचं ऊन, भर दुपार. रतिलाल आपल्या दाजींकडे एक वायर जोडायला निघाला होता. बस्स, एवढंच काम.

लोटनदाजी टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर. साखरेनं त्यांचे डोळे नेले. मग दोन वर्षं कमलबाईनं, म्हणजे रतिलालच्या अक्कानं, त्यांना कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवला. पण बाई कसली हट्टी! नवऱ्याचं नाव आलं की गप्प, नुसत्या बांगड्या टेबलावर आपटायची. दवाखान्यात तिच्या शेवटच्या दिवशी दाजींनी हात जोडले, "एकदा तरी माझं नाव घे गं." नाहीच घेतलं. तशीच गेली.

मग रतिलालनं पडद्यावरची अक्षरं वाचून बोलणारा डबा मागवला. पण मशीन पुरतं सुरू होईपर्यंत मेला मुकाच! मधेच अडलं तर आंधळ्या माणसाला कळावं कसं? म्हणून महिनाभर खपून रतिलालनं कर्नलमध्ये, मशीनच्या गाभ्यातच कोड घातला. बटण दाबताच सिरियल पोर्ट, म्हणजे डब्याची वायर लागते ते भोक, ताब्यात घ्यायचा आणि पडद्यावरचं अक्षर न् अक्षर डब्याकडे पाठवायचं.

वायर जोडली, बटण दाबलं. डबा पहिल्या ओळीपासून नाकातून बोलू लागला. दाजींचा चेहरा उजळला. शेवटची ओळ आली, 'वेलकम लोटन पाटील'.

"वेलकम..." डबा थांबला. "पाटील."

"अरेच्चा!" रतिलालनं स्वतःचं नाव टाइप केलं. डबा बोलला. शेजारच्या सुपडूचं. बोलला. लोटन. गप्प. त्यानं कोड ओळीओळीनं तपासला. नाव कुठेच गाळलेलं नव्हतं, सगळी अक्षरं पोर्टातून बाहेर जात होती.

"तीच शे रे, तुनी अक्का..." दाजी पुटपुटले आणि लहान पोरासारखे रडले. रतिलालनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या बघतो, दाजी." त्यानं मशीन बंद केलं. डब्याच्या दोन्ही वायरी, विजेचीसुद्धा, काढून हातात गुंडाळल्या आणि तो दाराकडे वळला.

मागे टेबलावर बांगड्या आपटल्या.

"लोटन..." डबा हळूच बोलला. "चाल ना..."

रतिलालनं हातातल्या वायरींकडे पाहिलं. "दाजी... गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नका! दाजी!"

पण दाजी केव्हाच उठले होते. हात पुढे करून, किती दिवसांनी हसत.

"ओ," ते म्हणाले.