गोजरबाईचं चित्र कुणाचं?

"आज तीन वाजता मला चोर ठरवणार आहेत," मुलगी दारातूनच म्हणाली. "त्याच्या आत काही होईल?"

मनकर्णा दराडे यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत होते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणं सोडून त्यांनी नगरला दिल्ली गेटजवळ ही खासगी तपासाची कचेरी उघडली होती. सोबतीला होते कारभारी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि बोलायला कायम तयार.

"बस. नाव सांग, मग चोरी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मोनिका शिरसाट. तिसगावची. लिबरल आर्ट्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय जीवशास्त्र, जोडीला प्रिंटमेकिंग."

"म्हंजे?" कारभारींनी विचारलं.

"लाकडी फळीवर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं, काका."

"आन् त्याची डिग्री मिळती? आमी जल्मभर तिकिटं पंच केली, आमाला कुणी काय दिलं न्हाई!"

इतक्या काळजीतही मोनिकाला हसू आलं. तिने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून टेबलावर पसरली.

बाजारात बसलेली म्हातारी. समोर मेथीच्या जुड्या, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावरून पाठीवर गेलेला, उजव्या नाकपुडीत चमकी, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. समोर बसून भाव सांगतेय असं वाटावं.

"ही आमच्या शेजारची गोजरबाई," मोनिका म्हणाली. "पहिली प्रिंट काढली आणि वर्गातल्या दोरीवर वाळत घातली. मग घरी लग्न होतं म्हणून गेले. परत आले तर भिंतीवर हेच चित्र, रेघ न् रेघ तीच, आणि खाली माझ्या वर्गातल्या पार्थचं नाव. माझी दोरीवरची प्रिंट गायब. ही त्याच फळीवरून परत काढलेली दुसरी प्रिंट. माझी फळी दाखवली, तर म्हणतात ती त्याचं चित्र बघून मागाहून कोरली."

"पहिली प्रिंट कुणाला दाखवली होतीस?"

"नाही. मला आवडली नव्हती."

"एवढी सुंदर प्रिंट? काय आवडलं नाही?"

मोनिकाने मान खाली घातली. "असंच."

"चित्र काढलंस कसं?"

"बाजारात फळी मांडीवर घेऊन. ब्रशने थेट फळीवर."

कारभारी मघापासून प्रिंटकडे बघत होते. "बाई, असल्या हजार म्हाताऱ्या म्या एसटीत चढवल्यात. पन हिच्याकडं बघून कायतरी टोचतंय. काय ते समजंना."

"टोचू द्या. तिसगावला फोन करून गोजरबाईंनाच विचारावं का?"

"तिचं कोण ऐकणार?" मोनिका म्हणाली. "शेजारीण म्हणून माझीच बाजू घेतली म्हणतील. चोरी सिद्ध झाली की नाव कमी करतात, मॅडम. मग तीन वर्षं वाया."

मनकर्णाबाई उठल्या. "कारभारी, स्कूटर काढा."

कॉलेजच्या छपाईच्या वर्गात शाईचा आणि रॉकेलचा वास भरला होता. प्राध्यापिका राजनंदिनी निमसे सुती साडीचा पदर सावरत पुढे आल्या.

"मोनिका मेहनती आहे, पण मूळची सायन्सची," त्या म्हणाल्या. "असं काम अचानक येत नाही. पार्थचा हात पहिल्यापासून तयार आहे. आणि ज्याचं चित्र निवडलं जाईल त्याला बडोद्याच्या शिबिरात जागा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं."

"चित्राकडे बघून तुम्हाला काही वेगळं वाटलं?"

"कोरीव काम उत्कृष्ट आहे. बाकी, फळीवर उलटं आणि कागदावर सुलटं बघून बघून माझ्या डोळ्यांना आता दोन्ही सारखीच दिसतात." त्या हसल्या.

खिडकीपाशी अकोले तालुक्यातला रविराज शाईचा रोलर पुसत होता. वर्गाची किल्ली त्याच्याकडे असायची.

"दोरीवर मोनिकाची प्रिंट पाहिलीस?"

"दोरीवर डझनभर कागद असतात, मॅडम. शाई ओली म्हणून कुणी हात लावत नाही. मला पार्थचा राग येतो, आमच्याकडे भात पिकतो म्हणून तो मला 'भाताचं पोतं' म्हणतो. तरी खोटं कशाला सांगू? मी काही पाहिलं नाही."

"किल्ली फक्त तुझ्याकडेच?"

"रात्रीची. दिवसभर दार उघडंच असतं."

पार्थ स्वतःहून समोर आला. उंच, नीटनेटका, नखांतही शाई नाही.

"माझ्याकडे पुरावा आहे," त्याने जाड ड्रॉइंग पेपर पुढे केला. पेन्सिलीत तीच म्हातारी, हुबेहूब प्रिंटसारखी. "तिसगावच्या बाजारात समोर बसून काढलंय. जसं दिसलं तसं. मोनिकाकडे असं एकही स्केच नाही."

"मग फळीवर कसं उतरवलंस?"

"ट्रेसिंग पेपरवर घेऊन, तो पालथा घालून. फळीवर उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं येतं. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात." तो मोनिकाकडे बघून हसला. "मी तरी विसरत नाही."

मोनिकाचा चेहरा लाल झाला. मनकर्णाबाईंचे डोळे मात्र चमकले. कारभारींना ती चमक ओळखीची होती. त्यांनी हळूच खुर्ची पुढे ओढली.

तीन वाजता प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर दोन्ही प्रिंट आणि पार्थचं स्केच होतं.

"राजनंदिनी मॅडम," मनकर्णाबाई म्हणाल्या, "या प्रिंटशेजारी आमच्याकडे तोंड करून उभ्या राहता? कारभारी, मॅडमचा पदर कोणत्या खांद्यावर?"

"डाव्या. समद्यांचाच असतो की."

"आणि गोजरबाईचा?"

कारभारींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आरं तिच्या! उजव्या! हेच टोचत हुतं मला!"

"ती डावखुरी असेल," पार्थ पटकन म्हणाला.

"डावखुरी बाई लुगडं उलटं नेसत नाही. आणि नाकातली चमकी? तीही उजवीकडे. ही गोजरबाई आरशातली आहे." मनकर्णाबाईंचा आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण त्या भरभर बोलत होत्या. "फळीवर काढाल त्याच्या उलट कागदावर उमटतं. म्हणजे ज्याने हे पहिल्यांदा कोरलं त्याने गोजरबाईकडे बघत थेट फळीवर चित्र काढलं. उलटवायला विसरून. फळीवर पदर बरोबर होता, कागदावर फिरला. मोनिका, तुला तुझी प्रिंट का आवडली नव्हती?"

"म्हणूनच," मोनिका पुटपुटली. "पहिल्या आठवड्यातली चूक तिसऱ्या वर्षी केली. सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिला एवढंही येत नाही, मग हे चित्र हिचं कसं?"

"मीही त्या दिवशी उलटवायला विसरलो असेन," पार्थ म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "चूक कुणाचीही होते!"

"होते. फळीवर होते." मनकर्णाबाईंनी ते जाड कागदावरचं स्केच उचललं. "पण हे तर तू समोर बसून, जसं दिसलं तसं काढलंस. इथे छपाई नाही, उलटणं नाही. इथे तरी पदर डाव्या खांद्यावर हवा होता."

सगळ्यांची नजर त्या पेन्सिलीच्या पदरावर होती. तो उजव्या खांद्यावर होता.

"जिवंत बाई बघून असं चित्र निघत नाही. छापलेली बाई बघून निघतं. तू तिसगावला गेलाच नाहीस, पार्थ. तू दोरीवरची प्रिंट काढून नेलीस. ती उलटवून इमानदारीने फळी कोरलीस, आणि तीच बघून हा पुरावा तयार केलास. तू सगळं बिनचूक केलंस. मोनिकाची चूकसुद्धा बिनचूक उतरवलीस."

पार्थ खुर्चीत बसला. "बडोद्याला जायचं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ती इतकी चांगली कोरेल असं वाटलं नव्हतं."

प्राचार्यांनी राजनंदिनीबाईंकडे पाहिलं. "बडोद्याला कोण जाईल?"

"मोनिका." राजनंदिनीबाईंनी तिच्यासमोर येऊन हात जोडले. "माझ्याच वर्गात, माझ्याच डोळ्यांसमोर होतं, आणि मी पाहिलं नाही. माफ कर." मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. "पण चूक ती चूक. उलटवायला विसरलीस. मार्क कापणार मी."

मोनिकाचे डोळे भरून आले होते, आणि ती मोठ्याने हसत होती.

"कापा, मॅडम! हवे तेवढे कापा!" ती म्हणाली. "चूक माझीच आहे!"