दाराशी ठेवलेल्या चपला

नव्या प्रोसेसरचं कौतुक ऐकून ऐकून ठमाबाईचे कान किटले होते. ठमाबाई हे अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, लाडाने ठेवलेलं नाव. ऑफिसात ती नुसती चाचणीवाली. कुठला प्रोसेसर किती जोरात पळतो हे तपासणं तिचं काम, आणि निकाल आधी ठरवून मग चाचणी घ्यायला लावणं साहेबांचं. “नवा जिंकतोच आहे, तू फक्त सही कर,” असं ते हातातला चहा संपायच्या आत म्हणाले, तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेबलावर दोन सारखे कॉम्प्युटर होते. मेमरी तीच, पंखा तोच. एकात जुना प्रोसेसर, एकात नवा. खोलीची मापं आणि वस्तू दोघांना द्यायच्या, आणि उजेड-सावल्यांसकट चित्र आधी कोण पुरं करतो ते पाहायचं. खोली तिच्याच घरातली होती. फळीवर रेडिओ, फोनपाशी डुगडुगणारं स्टूल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, आणि दाराशी अण्णांच्या चपला, डावी जास्त झिजलेली.

“मला का नाही काढलंस?” ती घरी बसून ही खोली कॉम्प्युटरवर मांडत होती, तेव्हा अण्णांनी विचारलं होतं.

“माणसं काढायला जमत नाहीत मला. तुमच्या चपला आहेत ना, म्हणजे तुम्ही आलातच,” असं सांगून तिने वेळ मारून नेली होती.

नव्या प्रोसेसरने चित्र फार आधी संपवलं. साहेबांनी टाळी वाजवली. ठमाबाईने दोन्ही चित्रं शेजारी लावली, तर नव्याच्या फळीवर रेडिओच नव्हता.

“साहेब, हा काम चोरतोय! वस्तू गाळून पुढे पळायचं, ही काय शर्यत झाली?”

“चित्राकडे कोण बघतंय? वेळ बघ.”

जेवणाच्या सुट्टीत अण्णांचा रोजचा फोन आला. एरवी त्यांच्या आवाजामागे रेडिओ कोकलत असायचा आणि ती त्यावरून खेकसायची. आज मागे सामसूम होती.

“रेडिओ बिघडला का?”

“कुठला रेडिओ? आपल्याकडे कधी होता?”

म्हाताऱ्याला आजच थट्टा सुचतेय, म्हणून तिने वैतागून फोन ठेवला.

परत आल्यावर तिने दोन्ही प्रोसेसर उपसून त्यांची अदलाबदल केली. खोट कॉम्प्युटरची असेल तर जागेवर राहील, प्रोसेसरची असेल तर त्याच्यासोबत जाईल. खोट नव्यासोबत गेली. त्याने आता चित्र आणखी लवकर संपवलं, आणि त्यात फोनपाशी स्टूलही नव्हतं. फरशीवर पुठ्ठ्याची घडी तेवढी पडली होती.

तिने घरी फोन लावला. अण्णा धापा टाकत होते.

“बसून बोला ना.”

“कशावर बसू? गुडघे बोलायला लागलेत माझे. एक स्टूल आण म्हणून कधीचा सांगतोय, पण तुला वेळ असेल तर ना!”

आपल्याकडे स्टूल होतं याची खात्री तिला जुन्याने काढलेलं चित्र बघून करून घ्यावी लागली.

“अण्णा, तुमच्या पायाशी पुठ्ठा पडलाय का?”

“पडलाय की. कुणी टाकला हा कचरा? आणि तुला गं कसं कळलं?”

तिने मान वळवली. शेजारच्या खोलीत बसलेल्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी साहेब नव्याला तेच चित्र पुन्हा काढायला लावत होते.

“हात लावू नका!” ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. “लावलात तर हात मोडून ठेवीन!”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” साहेबांनी बटण दाबलं.

पंखा गरगरू लागला. ती प्लगकडे धावली. साहेब आडवे आले.

“अण्णा, चपला घाला आणि आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा!”

“अगं, पण झालंय काय?”

“घाला म्हणते ना!”

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग डावा पाय फरफटत दाराकडे गेला.

“ठमाबाई,” लांबून ऐकू आलं, “चपला कुठे ठेवल्यास? इथेच तर—”

पंखा थांबला.

तिच्या हातात फोन होता. कुणाला लावला होता ते आठवेना. घसा बसला होता, आणि अंगात राग मावत नव्हता. कशाचा राग, तेवढं सापडत नव्हतं.

“झालं आरडून?” साहेबांनी विचारलं.

तिने समोरची चित्रं पाहिली. नव्याची खोली मोकळी, स्वच्छ. जुन्याची बघताच ती फणकारली.

“जुनाच बिघडलाय, साहेब! नसलेल्या वस्तू काढतोय. रेडिओ काय, स्टूल काय! मी एकटी राहते. माझ्या दाराशी या पुरुषाच्या झिजलेल्या चपला कुणाच्या?”

“चित्राकडे कोण बघतंय? सही कर.”

तिने सही केली. जुन्याने काढलेलं चित्र पुसून टाकलं. मग तो प्रोसेसर उपसला आणि तणतणत भंगाराच्या खोक्यात भिरकावला.

तो अजून कोमट होता. तिने बोटं पुसली.