मास्तरांचा चौथा ठोका

गुरुवारी दुपारची जेवणं आटोपली, ताटं परत गेली, की ताई पिशवीतून स्पीकर काढून वॉर्डाच्या मधल्या टेबलावर ठेवायची. लांब मुक्कामाच्या पेशंटांचा वॉर्ड तो, बायका-पुरुष एकत्रच. तिथे माणसं बरी व्हायला येत नसत, राहायला येत. फिनेलचा, मालिशच्या तेलाचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा मिळून एक वास होता तिथे. नाक त्याला सरावलं की तो मुकाट घरापर्यंत सोबत यायचा.

तिचे बाबा खिडकीजवळच्या कॉटवर. उमेदीच्या काळात ते एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. जॅझ. आता उजवी बाजू पुरती गेली होती, डावीही सांगितलेलं धड ऐकत नव्हती, आणि जीभ इतकी जड की एक शब्द बाहेर पडेपर्यंत समोरच्याचा चहा गार व्हावा. ताई सकाळी वाचनालयाचं काउंटर सांभाळायची, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी रिकामं घर. अंग नुसतं आंबून जायचं. कुणी ‘कशी आहेस’ विचारलं तर ‘आहे’ एवढंच सांगायची, कारण त्यापुढचं सांगायलाही ताकद लागते.

आधी ती एकट्या बाबांच्या कानाशी गाणी लावायची. सिस्टर म्हणाल्या, “सगळ्यांनाच ऐकवा की. एकट्यांचे लाड कशाला?” मग सगळ्यांना ऐकवू लागली. पहिल्या दिवशी हाताला लागेल ते लावलं आणि वॉर्ड वैतागला. समोरच्या कॉटवर एक शिंपीकाका होते, तोंडाचे फटकळ. ते म्हणाले, “अहो ताई, हे गाणं आहे की कुणी भांडी पाडतंय?”

तेव्हापासून तिने दर आठवड्याला एक धागा धरायचं ठरवलं. एका गुरुवारी सगळी आगगाडीची गाणी. तारांचे ब्रश ड्रमवर घासून चाकांचा आवाज कसा काढतात, गाडी वळण घेते तेव्हा तो कसा बदलतो, हे ती मध्ये मध्ये सांगायची. एका गुरुवारी नुसता बास, म्हणजे खर्जातलं ते जाड तारांचं वाद्य. “आज बाकी कुणाकडे लक्ष देऊ नका. खाली तळातून एक जण चालत राहिलाय, तेवढाच ऐका.” एकदा तर एकच गाणं तीन बँडांचं लावलं. एकाचं लग्नघरातलं वाटत होतं, दुसऱ्याचं दारू चढल्यासारखं, आणि तिसरं ऐकताना शाळेतून निवृत्त झालेल्या बाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. हळूहळू वॉर्डाला चटक लागली. ताई निघाली की शिंपीकाका विचारायचे, “पुढचा विषय काय? म्हणजे तयारीने घोरतो.”

गाणी लावायची बाबांची एक पद्धत होती, ती ताईने लहानपणीच उचललेली. एक गाणं संपलं की लगेच दुसरं लावायचं नाही. पहिलं कानातून खाली उतरू द्यायचं. म्हणून घरी यादी भरतानाच दोन गाण्यांच्या मध्ये ती चांगली ऐसपैस जागा सोडायची. त्या जागेत पंख्याची घरघर ऐकू यायची, कुणाचा तरी खोकला, बाहेरच्या जिन्यावरच्या चपला.

त्या दिवशी विषय होता दुपारची गाणी. रिकाम्या रस्त्यांची, अर्ध्या ओढलेल्या पडद्यांची, आळसावलेली. एक संपलं. ताई खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. आणि त्या मधल्या शांततेत आवाज आला.

टक. टक. टक.

बुटाच्या टाचेचा आवाज, लाकडी फळ्यांवरचा. वॉर्डात खाली फरशी होती आणि बूट कुणाच्याच पायात नव्हते. तीन ठोके पडले आणि चौथा पडायच्या जागी शाळेच्या बाईंचं बोट कॉटच्या लोखंडी दांडीवर अलगद आपटलं. लगेच पुढचं गाणं सुरू झालं, नेमकं त्याच लयीत.

ताईने बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे लख्ख उघडे होते. कित्येक महिन्यांत असे उघडले नव्हते.

“मास्तर...” बाबा म्हणाले.

आता हे मास्तर कोण ते सांगायला हवं. बाबांच्या बँडचे पियानोवाले. बँड कसला, तिघेच जण: मास्तर, उभा बास वाजवणारे बासकाका आणि ड्रमवर बाबा. दुसरे लोक तोंडाने ‘वन, टू, थ्री, फोर’ म्हणून गाणं उचलतात. मास्तर तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. डाव्या बुटाची टाच तीनदा आपटायची आणि चौथा ठोका द्यायचाच नाही. तो ज्याने त्याने आपल्या आत ऐकायचा आणि त्यावर उडी घ्यायची. नव्या माणसाला ते जमायचं नाही. बाबा म्हणायचे, मास्तरांचा चौथा ठोका ज्याला ऐकू आला तो त्यांचा झाला.

ताई शाळेत असताना दुपारच्या तालमींना जायची. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या असत आणि ती माइकसमोर उभी राहून गायची. आवाज गोड होता पोरीचा. मास्तरांनी बँडमधली गायिकेची जागा तिच्यासाठी धरूनच ठेवली होती म्हणा ना. पण खरंच लोकांसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा तिच्या घशातून हवाही निघेना. गाणारा तयार नसला की बँड सुरुवातीचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो, तसा तो फिरवत राहिला. मास्तर पियानोवरून हसून म्हणाले, “तू ये सावकाश. आम्ही फिरत राहतो.” शेवटी बाबांनीच खूण करून थांबवलं. ती परत कधी गायली नाही.

मास्तर जाऊन कैक वर्षं झाली होती. बासकाकाही गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर चहा घेऊन गेल्या तेव्हा शाळेच्या बाई गार पडल्या होत्या. झोपेतच गेल्या म्हणे. त्या वॉर्डात असल्या बातमीने कुणी दचकत नाही. चादर बदलतात, गादी उन्हात टाकतात, झालं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा ती शांतता आली आणि पुन्हा तीन ठोके. या वेळी शिंपीकाकांनी चुटकी वाजवली. वाजवली आणि स्वतःच्या बोटांकडे चकित होऊन पाहत राहिले. “हे मी का केलं हो?” असं पुटपुटलेसुद्धा. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांच्या कॉटवर गुंडाळलेली गादी होती.

ताईने दोन्ही गुरुवार मनात जुळवून पाहिले. ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. पण तिने बाबांचा हात पाहिला होता. दोन्ही वेळा चौथ्या ठोक्याच्या जागी तो डावा हात चादरीखाली तडफडला होता, उठायला बघत होता. उठला नाही म्हणून बाबा राहिले होते.

मग तिने उपाय केला. गाण्यांमधली जागाच काढून टाकली. एक संपायच्या आत दुसरं सुरू, दुसऱ्याच्या शेपटीवर तिसरं. मुंगी शिरायला फट नाही. ठोके बंद झाले. कुणी गेलंही नाही. पण वॉर्ड कंटाळला, एकेक जण तोंड फिरवून झोपू लागला, आणि बाबांनी जेवण सोडलं. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटून घ्यायचे. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जायचं.

“काय होतंय, बाबा?”

“जागा... दे.”

“कसली जागा?”

“माझी... एंट्री... चुकतेय.” मग दम खाऊन म्हणाले, “मास्तर... थांबलेत. बरं... दिसत नाही.”

सांगायची गोष्ट अशी, की उभ्या आयुष्यात बाबांची एंट्री, गाण्यात शिरायची नेमकी वेळ, कधी चुकली नव्हती. ताप असताना नाही, बायको गेली त्या आठवड्यात नाही. आता दर गुरुवारी चुकत होती, आणि तीही मास्तरांसमोर. मरणापेक्षा त्यांना ती शरम जास्त लागली होती.

त्या संध्याकाळी ताई घरी येऊन चपला न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. तिला बाबा हवे होते. जगात तिचं म्हणावं असं दुसरं कोण होतं? आणि त्याच मनात, त्याच क्षणी आलं, की सुटेन एकदाची. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. ती रडली, मग रडायचाही कंटाळा आला, मग उठून तिने कपाटातून बाबांचा तारांचा ब्रश काढला.

पुढच्या गुरुवारचा विषय तिने बाबांनाच विचारला. ते म्हणाले, “शेवटची.” म्हणजे हॉल रिकामा होत असताना, वेटर खुर्च्या उलट्या करत असताना बँड आपल्यापुरती वाजवतो ती. तशी गाणी तिने निवडली. हळू, थकलेली, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसलेली. आणि मध्ये जुनी जागा सोडली.

कॉटवर बिस्किटांचा रिकामा डबा पालथा ठेवला. बाबांच्या डाव्या मुठीत ब्रश दिला. मूठ मिटेना, म्हणून वरून आपली मूठ धरली. पहिलं गाणं संपलं. पडदा हलायचा थांबला. बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

टक.

“बाबा...”

टक.

“बाबा, नको ना...”

टक.

ब्रश डब्यावर उतरला. सळ्ळ असा बारीक आवाज झाला, स्वच्छ, नेमका. बाबांनी ओठांच्या एका कोपऱ्याने हसून डोळे मिटले. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ते गेले. सिस्टर म्हणाल्या, सुटले हो. ताईने मान डोलावली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तो हात कुणी खाली आणला? बाबांच्या बोटांत तर जोर नव्हता. चौथा ठोका तिनेच ऐकला होता, आत, अगदी लख्ख.

त्यानंतर ताई घरात शांतता होऊ देत नाही. उठल्या उठल्या रेडिओ. रेडिओ बंद पडलाच तर पंखा, पंखा नाही तर नळ. झोपतानाही उशाशी बातम्या चालू. वाचनालयाची नोकरी तिने सोडली, तिथे फार शांत असतं. वॉर्डातून सिस्टरचा निरोप आला, पेशंट विचारतात, गाणी कधी? तिने बरं नसल्याचं कळवलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं. इतकी थकली होती की भात टाकला तरी तो शिजेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायची.

एके दिवशी भर दुपारी वीज गेली. रेडिओ गेला, पंखा गेला, फ्रिजची घरघर थांबली. ती नळाकडे धावली. नळाने एक भांडंभर पाणी दिलं आणि तोही सुस्कारा टाकून बंद झाला.

टक. टक. टक. बाहेरच्या खोलीतून आला आवाज.

आणि आता चौथी जागा रिकामी राहिली नाही. सळ्ळ. ब्रश. मग खालून बास चालायला लागला. मग पियानो. सुरुवातीचा तेवढाच तुकडा, तिच्या शाळेतल्या दिवसांतला. संपला आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा संपला, पुन्हा पहिल्यापासून. कुणाला घाई नव्हती.

घशात काहीतरी हललं. कुठे शिरायचं ते तिला ठाऊक होतं, दर फेरीला ती जागा तिच्यासमोर येऊन उभी राहत होती. तिने भांडं तोंडाला लावलं, पाण्याचा मोठा घोट तोंडात भरला आणि गाल फुगवून ओट्याला धरून उभी राहिली. तोंडात पाणी असलं की माणूस गाऊ शकत नाही. बसावंसं वाटत होतं. वाजवणारे मात्र थकत नव्हते. तेच वाजत होतं, मऊ, समजूतदार, फेरीमागून फेरी. बाबांचा हात किती हलका झाला होता आता. तिला रडू आलं, तेही तोंड मिटूनच.

दारावर थाप पडली.

ती तशीच, फुगलेल्या गालांनी, बाहेरच्या खोलीतून भिंतीला घासत गेली. खोलीत कुणी नव्हतं. संगीत होतं. दार उघडलं तर शेजारच्या काकू, हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत उभ्या.

“वीज तुमच्याकडेही गेलीये ना?” काकूंनी तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. “नाही म्हटलं, गाणं कुठून येतंय. फार छान वाजवतायत हो... पण मगापासून नुसती सुरुवातच चाललीये. गाणारं माणूस यायचंय का अजून?”

काकू उत्तराची वाट पाहत होत्या. मागे तुकडा संपत आला होता, शिरायची जागा येत होती.

ताईने तोंडातलं पाणी गिळलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.