आठ रंगांच्या चिठ्ठ्या

"खोटं लिहायचं! पण असलं खोटं, की जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येता कामा नये!" टाचणी म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण खाडकन लावलं.

"असलं म्हणजे कसलं?" भोंग्याने विचारलं. भोंगा हळू बोलला तरी खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून वर बघायचा.

"हळू रे! तुला कशाची भीती वाटते?"

"कशाचीच नाही!"

"मग लिही, मला बटणांची भीती वाटते."

"बटणांची? शर्टाच्या?"

"शर्टाच्या, पँटच्या, सगळ्यांच्या! आणि गोगलगायी, तू काय लिहिशील?"

चौदा वर्षांच्या गोगलगायीने घास चावला, गिळला, पाणी प्यायलं, बाटलीचं बूच लावलं आणि मग तो म्हणाला, "गाढव."

"काय? मला गाढव म्हणतोस?"

"नाही गं. मला गाढव पाळायचंय, असं लिहितो."

"शाब्बास! आणि मी लिहिते, मला चमच्यांची भीती वाटते. झालं तर मग!"

ही खलबतं चालली होती दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. दारावर पाटी होती, 'मुले, किशोर आणि पालक यांच्यासाठी उन्हाळी गट-उपचार शिबिर'. शिबिर बारा दिवसांचं. सकाळी एका खोलीत आठ मुलं गोल करून बसत आणि ताई त्यांच्याशी बोलत. मग मुलं गॅलरीत डबे उघडत आणि समोरच्या खोलीत मोठे सर पालकांचा गट घेत.

भोंग्याला आणलं होतं ओरडतो म्हणून. गोगलगायीला, सकाळी अकराला उठतो आणि दुपारी जागा होतो म्हणून. टाचणीला, उलट उत्तरं देते म्हणून. आणणाऱ्यांमध्ये मात्र काडीचाही दोष नव्हता. तसं त्यांनी फॉर्मवर स्वतःच लिहून दिलं होतं.

आणि गप्पू. टाचणीचा नऊ वर्षांचा भाऊ. तो चार महिने एक शब्दही बोलला नव्हता.

त्याचं कारण सगळ्या घराला माहीत होतं आणि कुणीच ते बोलून दाखवत नव्हतं. शाळेच्या कार्यक्रमात गप्पू कविता म्हणायला उभा राहिला. आवाज बारीक. बाबा शेवटच्या रांगेत. बाबा छापखान्यात फोरमन. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात ओरडून कामं सांगायची, त्यामुळे घरी मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. ते तिथूनच गरजले, "मोठ्याने! ऐकू येत नाही!" सगळं सभागृह खो खो हसलं. गप्पू स्टेजवरून उतरला तो गप्पच झाला. शाळेने शेवटी सांगून टाकलं. शिबिराचं पत्र आणा. मुलगा बोलेल असं पत्रात असलं तर आमच्या वर्गात, नाही तर निवासी शाळेत.

निवासी शाळा म्हणजे घरापासून सहा तासांवर. टाचणीने नकाशावर मोजून पाहिलं होतं. दोनदा.

ताई मात्र चांगल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पेटी दाखवली होती. "जे बोलता येत नाही ते लिहा आणि यात टाका. नाव घालू नका. कुणीही वाचणार नाही. रोज सगळ्या चिठ्ठ्या कागद कापायच्या यंत्रात जातील. माझा शब्द!" प्रत्येकाला चिठ्ठ्यांचा एकेक गठ्ठा मिळाला, प्रत्येकाचा रंग वेगळा. भोंग्याचा पिवळा, गोगलगायीचा हिरवा, टाचणीचा गुलाबी, गप्पूचा निळा.

चौथ्या दिवशी गप्पूने निळी चिठ्ठी लिहिली. टाचणीला ती दिसली, कारण टाचणीला सगळंच दिसायचं. 'बाबा ओरडले की माझा आवाज आत जातो.' चार महिन्यांतलं त्याचं पहिलं वाक्य! टाचणीने श्वास रोखून ती चिठ्ठी पेटीत पडताना पाहिली.

आणि त्याच संध्याकाळी बाबा दारातूनच गरजले, "माझ्यामुळे? माझ्यामुळे तुझा आवाज आत जातो?"

बाबांना वाईट वाटलं होतं. पण बाबांना वाईट वाटलं तरी ते ऐकू तीन घरं पलीकडे जायचं. गप्पू पांघरुणात शिरला, आणि दुसऱ्या दिवसापासून पेटीकडे बघेनासा झाला.

म्हणून आज हे खोट्याचं कारस्थान!

---

चिठ्ठ्या पेटीत पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघं गॅलरीत भेटले ते हसून हसून वाकडे होत.

"आईने माझे सगळे शर्ट कपाटात कोंडले!" भोंगा ओरडला. तो भर उन्हाळ्यात गळाबंद स्वेटर घालून आला होता. "म्हणते, घाबरू नकोस राजा, याला एकही बटण नाही!"

"माझ्या बाबांनी," गोगलगाय सावकाश म्हणाला, "काल जेवताना गाढवाची निंदा केली. पाऊण तास. लाथा मारतं म्हणाले. मग म्हणाले, सशावर भागेल का?"

"आणि आमच्याकडे एकही चमचा नाही!" टाचणी म्हणाली. "बाबांनी चहात साखर पेन्सिलने ढवळली! म्हणजे पेटीतलं घरी जातंय. पण नेतं कोण?"

"ताई!" भोंगा म्हणाला. "पेटी त्यांच्याकडेच असते!"

"तर मग त्यांनाच विचारू."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मी पेटी बारा वाजता मोठ्या सरांकडे देते. ते स्वतः चिठ्ठ्या यंत्रात घालतात. न वाचता!"

"तुम्ही पाहिलंय?"

शिकलेल्या माणसांना हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

मोठे सर म्हणजे बडं प्रस्थ. पालकांच्या गटात ते डोळे मिटत, दोन बोटं कपाळाला लावत आणि म्हणत, "मला दिसतंय... तुमच्या मुलाच्या आत... एक भीती आहे..." आणि पालक बाहेर येऊन एकमेकांना सांगत, "सर अंतर्यामी आहेत हो! मुलाला भेटलेसुद्धा नाहीत, तरी सगळं कळतं!" मुलाला न भेटताच मुलाबद्दल सगळं कळतं, यात संशय घेण्यासारखं काही आहे असं त्या चौदा मोठ्या माणसांपैकी एकालाही वाटलं नाही.

"मला सरांच्या खोलीत दोन मिनिटं हवीत," टाचणी म्हणाली. "कुणीतरी त्यांना बाहेर अडकवून ठेवा."

"मी ओरडू?" भोंग्याने विचारलं.

"नको! गोगलगायी, तू त्यांना एक प्रश्न विचार."

गोगलगाय सरांना जिन्याशी गाठून म्हणाला, "सर... मला... असं... विचारायचं होतं... की..." आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याचा प्रश्न संपेपर्यंत टाचणीला दोनच काय, नऊ मिनिटं मिळाली.

सरांच्या टेबलाखाली यंत्राची टोपली होती. टाचणीने ती ढवळून पाहिली. कापलेल्या कागदांच्या पट्ट्याच पट्ट्या, आणि सगळ्या पांढऱ्या! पिवळी नाही, हिरवी नाही, निळ्याचा तर मागमूस नाही. टेबलावर उघडी फाइल होती. त्यात सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पिवळा: बटणे. हिरवा: गाढव. गुलाबी: चमचे.'

"चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, पण प्रत्येकाला वेगळा रंग!" बाहेर येऊन टाचणी दात-ओठ खात म्हणाली. "आणि आपण आठ शहाणे, आपापला रंग मिरवत बसलो!"

ताईंना कळलं तेव्हा त्या रडकुंडीला आल्या. "मी शब्द दिला होता तुम्हाला. रंगांची कल्पना सरांचीच. म्हणाले, मुलांना आपलेपणा वाटेल. मी आत्ताच पालकांना सांगते!"

त्यांनी भोंग्याच्या आईला सांगूनही पाहिलं. आईने ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही अजून लहान आहात. सरांची उंची कळायला वेळ लागतो."

"राहू दे, ताई," टाचणी म्हणाली. "शेवटच्या दिवशी सगळे एकत्र बसणार ना? त्या दिवशी आम्ही रंग बदलतो. माझ्या रंगावर दुसऱ्याचं, दुसऱ्याच्या रंगावर तिसऱ्याचं! सर सगळ्यांसमोर तोंडावर आपटतील!"

आठही मुलांनी माना हलवल्या. म्हणजे सातांनी. गप्पूने आपला निळा गठ्ठा छातीशी धरला आणि कुणाला दिला नाही.

---

शेवटचा दिवस उजाडला. सकाळी बदललेल्या रंगांच्या चिठ्ठ्या पेटीत पडल्या, आणि गप्पूनेही आपली घडी घातलेली निळी चिठ्ठी टाकली. खोलीत खुर्च्यांची दोन कडी, आत मुलं, बाहेर पालक. मोठे सर मधोमध, मांडीवर फाइल. शेजारी शाळांना द्यायच्या पत्रांचा गठ्ठा, फक्त सही बाकी.

सरांनी फाइलमध्ये ओझरतं पाहिलं, डोळे मिटले, दोन बोटं कपाळाला लावली. टाचणीने भोंग्याला कोपराने ढोसलं. आता!

"हा मुलगा..." सरांनी भोंग्याकडे हात केला, "फार अबोल आहे. सगळं आतल्या आत ठेवतो."

"कोण? मी?" भोंगा एवढ्यांदा ओरडला की खालचं शिवणाचं मशीन थांबलं.

"अगदी खरं, सर!" भोंग्याच्या आईने डोळ्यांना रुमाल लावला. "आतल्या आत कुढतो हो!"

"आई! मी कुढत नाहीये! मी ओरडतोय!"

"बघा, आतासुद्धा कसा कुढतोय!"

टाचणीचा आ वासलेलाच राहिला.

"आणि हा," सर गोगलगायीकडे वळले, "हा फार घाई करतो. एक क्षण स्वस्थ बसवत नाही याला."

गोगलगाय वीस मिनिटं उशिरा आला होता आणि अजून दुसरा बूट काढत होता. त्याचे बाबा गंभीरपणे म्हणाले, "लहानपणापासून, सर. चपळपणाच नडतो त्याला."

टाचणीने चारी बाजूंना पाहिलं. चौदा मोठी माणसं, आणि चौदाही माना हलत होत्या! त्यांनी आपली मुलं रोज पाहिली होती, जेवू घातली होती, शाळेत सोडली होती, आणि तरीही सर म्हणतील तेच त्यांना खरं वाटत होतं. सरांनी भोंग्याला शेपूट आहे म्हटलं असतं, तर त्याच्या आईने नवी पँट शिवायला टाकली असती. एवढी हुशारीची योजना, आणि मूर्खपणाच्या भिंतीवर आपटून तिचा पार भुगा झाला!

मग सर गप्पूकडे वळले. हातात त्याचं पत्र घेतलं आणि पेन उघडलं.

"हे मूल... मला स्पष्ट दिसतंय... आतून सांगतंय, मला घरापासून लांब जायचंय. निवासी शाळाच याच्या हिताची. बोलेल, असं मी लिहू शकत नाही."

आईने बाबांचा हात घट्ट धरला. बाबांनी मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही ते खरंच वाटलं! टाचणी ओरडायला उठली.

पण तिच्याआधी कुणीतरी उठलं होतं.

"खोटं!"

आवाज बारीक होता आणि थोडा गंजलेला. भोंगा एकदम गप्प झाला. गोगलगायीच्या हातातला बूट खाली पडला.

"मी असं लिहिलंच नाही," गप्पू म्हणाला. "माझी चिठ्ठी कोरी होती."

टाचणी उलट उत्तरं द्यायची, भोंगा आरडाओरडा करायचा, त्यांचं कोण ऐकणार? पण जो चार महिने बोललाच नव्हता, त्याच्या नावावर चार महिन्यांत एकही थाप जमा नव्हती.

"कसली चिठ्ठी?" सर हसायला गेले, पण ओठच तेवढे हलले. "चिठ्ठ्या तर रोज यंत्रात..."

ताई उठल्या, सरांच्या खोलीतून यंत्राची टोपली आणली आणि सगळ्यांसमोर उपडी केली. पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग झाला.

"आठ रंगांच्या चिठ्ठ्या, रोज, बारा दिवस," ताई म्हणाल्या. "यात एक तरी रंगीत पट्टी शोधून दाखवा."

बाबा पुढे आले. "फाइल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि त्या एका वेळी ते टाचणीला फार आवडलं.

सरांच्या हातून फाइल निसटली. पिवळ्या, हिरव्या, गुलाबी चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या, आणि त्यांत गप्पूची आजची निळी, दोन घड्यांची, आत स्वच्छ कोरी.

"अंतर्यामी!" भोंगा ओरडला. "कोऱ्या कागदावरचंसुद्धा वाचतात!"

---

पुढचं सगळं भराभर झालं. मोठे सर 'तातडीचं काम आहे' म्हणून जिना उतरले. त्या दिवसापुरते गोगलगायीपेक्षा चपळ तेच. सगळ्या चिठ्ठ्या मुलांनी आपल्या हातांनी यंत्रात घातल्या. टोपलीत रंगीबेरंगी पट्ट्या साठत गेल्या. ताईंनी पालकांना खडसावून सांगितलं की गट पुढेही चालेल, पण मुलांचं ऐकायचं असेल तर मुलांनाच विचारायचं, कपाळाला बोटं लावून नव्हे!

पालकांनी टाळ्या वाजवल्या. "काय चलाख मुलं आहेत!" भोंग्याची आई म्हणाली. "मला तर पहिल्यापासूनच संशय होता!" बाकीच्या तेराजणांनाही पहिल्यापासूनच होता, असं निघालं. टाचणीने उलट उत्तर दिलं नाही. काही माणसांना उत्तरसुद्धा वाया जातं.

गप्पूच्या शाळेचं पत्र ताईंनीच लिहिलं. त्यात दोनच वाक्यं होती. 'मुलगा बोलतो. सांगण्यासारखं काही असलं की.'

घरी जाताना बाबा गप्पूशेजारी चालत होते. बराच वेळ ते ओठ हलवत होते. मग खाली वाकून, यंत्रांत उभं आयुष्य गेलेल्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजायचा प्रयत्न केला. ते जमेना. नुसती हवाच बाहेर येत होती.

गप्पूने कानामागे हात धरला.

"मोठ्याने, बाबा!" तो म्हणाला. "ऐकू येत नाही!"