पाणी द्यायला मागे कोण?

वैशाखातली पहाट होती. काजळगडाच्या पूर्व माचीवर उजेड नुकता उतरू लागला होता. खाली दरीत खानाच्या छावणीतल्या चुली पेटल्या होत्या, आणि त्या चुलींवरच्या भाकरीचा खरपूस वास वाऱ्यासरशी कडा चढून, उंबराची फळे उकडून पोट भरणाऱ्या गडावरच्या शिबंदीला रोजच्यासारखा छळू लागला होता. देवीपुढच्या नंदादीपातले तेल संपून बरेच दिवस झाले होते. गुरव बिचारा समईत रानफुले ठेवी, आणि आई, एवढ्यावर भागवून घे, म्हणून हात जोडी.

मदत मागायला गेलेले जासूद परतले नव्हते, आणि ते आता परतणार नाहीत हे सगळ्यांना कळून चुकले होते. अशा वेळी खानाने कौल देऊ केला : गड खाली करा, हत्यारांनिशी, बायकापोरांसह सुखरूप जा. बोलणी करायला त्याचा वकील वर येणार, आणि वकील परत जाईपर्यंत गडावरचा कोणी मातबर माणूस खाली ओलीस राहणार. किल्लेदार सुभानराव काठे यांनी ओलीस म्हणून धाडला तो आपला सख्खा धाकटा भाऊ, धारराव. आई गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवले, अंगाखांद्यावर खेळवले होते. किल्लेदाराचा भाऊच खाली आला म्हटल्यावर खानाला शंका उरली नाही. धारराव आदल्या दिवशी उतरला. दुसऱ्या दिवशी वकील विश्वंभरपंत गड चढून आले.

सुभानरावांच्या मनात काय होते, ते त्यांनी एकट्या कोयाजी नाइकाला सांगितले. कोयाजीकडे कड्याचा पहारा. गुन्हेगाराला कडेलोटाची शिक्षा झाली, की ढकलण्याचे काम त्याचे. किल्लेदारांचे म्हणणे असे, की लोक भुकेने वाकले आहेत, कौल ऐकताच उतरतील आणि धन्याचा गड जाईल. पण त्यांच्या डोळ्यांदेखत वकिलालाच कड्यावरून टाकले, तर खान मग कोणालाच माफ करायचा नाही. आणि परतीची वाट बुडाली, की माणूस मरेपर्यंत लढतो.

कोयाजीने सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाला, “धारराव खाली आहेत, सरकार.”

“ठाऊक आहे. भाऊ माझा आहे, तुझा नव्हे.”

गडाची पाहणी करवतो असे सांगून पंतांना कड्यावर आणले. शिबंदी आधीच गोळा केलेली होती. पंत साठीकडे झुकलेले, चढणीने दमलेले. उपरण्याने घाम टिपत त्यांनी कड्याची धार पाहिली, भोवती उभी असलेली गप्प माणसे पाहिली, आणि सारे उमगून म्हणाले, “गडावर दाखवण्याजोगं दुसरं काही उरलं नसेल. समजतो मी.”

एकदोघे हसले, आणि हसल्याची लाज वाटून त्यांनी माना खाली घातल्या.

किल्लेदारांनी खूण केली. कोयाजी जागचा हलला नाही. “सरकार,” तो म्हणाला, “इथून आजवर ज्यांना लोटलं, त्यांनी काही ना काही केलं होतं. हे आपण बोलावलं म्हणून आलेत. माझ्या हातून व्हायचं नाही. हवं तर मला आधी लोटा.”

त्याच्यावर रागवायलाही सुभानरावांपाशी सवड नव्हती. त्याला बाजूला सारून ते स्वतः पुढे झाले. तेव्हा कोयाजीने पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला. त्या कड्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, की जो ढकलणार त्यानेच जाणाऱ्याला घोटभर पाणी पाजायचे आणि विचारायचे, की पाणी द्यायला मागे कोण? मागे कोणी नसेल, तर पितृपंधरवड्यात त्याच्या नावाने ढकलणाऱ्यानेच पाणी सोडायचे. शिबंदी बघत होती. रीत मोडण्याचे धाडस किल्लेदारांनाही झाले नाही.

“पंत,” त्यांनी विचारले, “पाणी द्यायला मागे कोण?”

पंत पाणी प्यायले, तांब्या त्यांनी परत केला. “दोन लेकी आहेत, मुलगा नाही. रात्री आपले धारराव माझ्या शेजारच्या पानावर जेवायला होते. सहज विषय निघाला, तेव्हा हसून म्हणाले, काळजी करू नका, पंत, मी देईन तुम्हाला पाणी.”

नकळत हातून पाप घडले तर देव पदरात घेतो, असे आपल्याकडे म्हणतात. सुभानरावांना मात्र त्या घटकेला आपला हात, तो हात कोणाकोणाला लोटणार आहे, आणि लोटणारा माणूस कसा आहे, हे आरशात पाहावे तसे स्वच्छ दिसले. दिसले, आणि तरी त्यांनी हात पुढे केला.

दिवस कलायच्या आत खानाने धाररावाची मान मारली. त्याच्याबरोबर गेलेल्या हुजऱ्याला तेवढे जिवंत सोडले होते. प्रेत बैलावर घालून तो दिंडी दरवाजाशी आला. शेवटी काय बोलला, असे किल्लेदारांनी विचारले. हुजऱ्या सांगायला धजेना. मग रडत बोलला, की खानाने परोपरीने विचारलं, दरडावलं, पण धाकल्या सरकारांचं एकच म्हणणं : तिथला मुरूम सुटा आहे, पंतांचा पाय घसरला असेल. माझे दादा पाहुण्याला हात लावणार नाहीत.

सुभानरावांनी भावाला अग्नी दिला. उजाडता उजाडता अंघोळ केली, तलवार देवीपुढे ठेवली आणि नुसत्या धोतरा-उपरण्यावर ते दिंडी दरवाजाशी आले. पहाऱ्यावर कोयाजी होता.

“खाली निघालोय,” ते म्हणाले. “धारू मरेपर्यंत माझी बाजू घेत राहिला. ते खोटं होतं. पाय घसरला नव्हता, मी ढकललं, एवढं खानाला सांगून येतो.”

“येतो म्हणू नका, सरकार.”

“खरंय. जातो.”

कोयाजीने अडसर काढला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता टाकता किल्लेदार थबकले. मागे न पाहताच त्यांनी विचारले, “कोयाजी, पंतांना मी टाकलं नसतं, तर तुम्ही लोक कौल घेऊन उतरला असता?”

कोयाजीने अडसर भिंतीला टेकवून ठेवला.

“नसतो उतरलो,” तो म्हणाला. “आपण विचारलंच नाही आम्हाला.”

सुभानराव पायऱ्या उतरून गेले. खानाने त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि भावाची मान मारली होती त्याच जागी त्यांचीही मारवली. त्यांनी शिबंदीसाठी एक शब्द टाकला होता. खानाने तो ऐकल्याचे दाखवलेसुद्धा नाही. पुढे सुरुंगाने दरवाजा उडाला. कोयाजी आणि उरलेली माणसे आधी दिंडीत, मग सदरेवर, आणि सरतेशेवटी देवीच्या पायऱ्यांवर लढून पडली. कौल कोणीच मागितला नाही; मागितला असता, तरी खानाने तो दिला नसता.