शिवम्माची चुंबळ

माझा पोरगा दयानंद याला जगात कुणी काही शिकवू शकत न्हाई. आईनं तर न्हाईच.

पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणून लातूरचं आमचं घर इकायला काढलं. इकावं. माझी ना नव्हती. पण मोबाइलात बघून बघून हा घर सजवायला लागला. भिंतींना राखेचा रंग दिला. दारात प्लास्टिकची झाडं ठेवली. म्हणलं, बरं झालं, यांना पाणी तरी घालायला नको.

कारण आमच्या घरात पाणीच न्हाई. बोअर कवाच आटला. नळ येतो आठवड्या-दहा दिवसांनी, त्याची मर्जी असली तर.

पुढचं सगळं गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत झालेलं हाय. ज्याला पटत न्हाई त्यानं इथंच थांबावं. मला कुणाची करमणूक करायची न्हाई.

दयानंदनं आधी अंगणातले निळे ड्रम हलवले. ड्रम दिसले की गिऱ्हाईक ओळखतं, म्हणे. मग टँकर बोलावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घेतली. सांगायचं काय, तर बोअरचं पाणी, बारमाही.

घरामागं न्हाणीजवळ पितळी घागर होती. माझी जाऊ शिवम्मा, तिची. तीपण त्यानं माळ्यावर टाकली.

शिवम्माचं सांगते. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच साली ती गेली. भर दुपारी कुणीतरी तिला सांगितलं, मागच्या गल्लीत टँकर आलाय. ती घागर घेऊन पळाली. टँकर नव्हताच. तरी येईल, येईल म्हणून उन्हात उभी राहिली. रिकामी घागर घेऊन परत आली, भिंतीला टेकून बसली...

उठली न्हाई.

सांगणारा कोण, ते कळलंच न्हाई. आमच्यात बसवून मातीला देतात. तसं देताना तिची चुंबळ मीच तिच्या मांडीवर ठेवली. हिरव्या लुगड्याची. म्हणलं, तिकडंबी डोक्यावर घागर घ्यावी लागली तर.

गिऱ्हाईक येणार त्या सकाळी ऋतुजानं, माझ्या सुनेनं, भांडी घासायला नळ सोडला...

नुसती हवा.

टाकी कोरडी. भिंत ओली न्हाई, जमीन ओली न्हाई. प्लंबर वर-खाली बघून गेला. गळती न्हाई म्हणला. दुसरा टँकर आणून टाकी परत भरली.

तेवढ्यात मी न्हाणीकडं गेले तर...

घागर नळाखाली.

मी सुनेकडं बघितलं. तिनं माझ्याकडं. आमच्या दोघींचा हात माळ्याला पुरत न्हाई. दयानंद मात्र मलाच बोलला, की आई, तुझी नाटकं बंद कर. शेजाऱ्याची शिडी मागून आणली आणि घागर परत वर ठेवली.

दुपारी मुनीब आणि त्याची बायको आलिया आले. उदगीरची माणसं, अदबीनं बोलणारी. आलियाच्या कडेवर लेकरू. तिनं भिंतींचा रंग बघितलाच न्हाई. पहिला सवाल, "पाणी कसं हाय, अम्मा?"

मी तोंड उघडायच्या आत दयानंद म्हणला, "बोअर हाय. भर उन्हाळ्यात आटत न्हाई."

आणि ऐटीत स्वयंपाकघरातला नळ सोडला.

खर्रर्र... मग काहीच न्हाई.

आणि घराच्या मागून आवाज आला...

घागर भरायचा.

लातूरच्या बाईला तो आवाज झोपेतबी कळतो. आधी जाड. घागर भरत येते तसा बारीक, बारीक. गळ्यापाशी आला...

थांबला.

"आलं की पाणी," म्हणत आलिया हसत मागं गेली. आम्ही तिच्या पाठी.

नळ कोरडा. खाली तीच घागर. आलियानं आत हात घातला. घागरबी कोरडी ठक्क.

पण शेजारी चुंबळ होती. हिरवी...

थबथब ओली.

दयानंद खाली बसला. आमच्याकडं न बघता घागरीशी बोलल्यासारखा बोलला.

"काकू, मी मस्करी केली होती."

आलियानं लेकरू छातीशी धरलं. कोण काकू, म्हणून मुनीबनं विचारलं.

त्या दिवसापासून गिऱ्हाईक न्हाई. चुंबळ मी अंगणातल्या दोरीवर टाकली. आमच्याकडच्या उन्हात घोंगडं घटकाभरात वाळतं. आता दसरा झाला, तरी ती ठिबकतीच हाय. खाली बादली ठेवते...

बादलीत थेंब नसतो.

त्या दुपारी मुनीब-आलियासमोरच मी पोराला जे म्हणलं, तेच आजबी म्हणते.

"दयानंद, पाण्याचं खोटं तू दोनदा बोललास. पहिल्यांदा ती उन्हात उभी राहिली. आता ह्या लेकराच्या आईला उभी करू नको. पाणी न्हाई म्हणून सांग, मग इक घर. तवर ती इथून हलत न्हाई, आन् मीबी न्हाई."